बाटली कुणाची

‘आमच्या पोरीचं पोट लघवीवर चालतं,’ असं बाबा चारचौघांत सांगायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. खोटं नव्हतं ते. मी मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम करते. पेशीत आरएनए नावाच्या चिठ्ठ्या फिरतात, काय बनवायचं ते सांगणाऱ्या. काम झालं की चिठ्ठी फाटायला हवी. पण काही प्रथिनं तिला धरून बसतात, सोडतच नाहीत, आणि ‘वाढा, वाढा’ हा निरोप चालूच राहतो. जेवताना मी हे सगळं बाबांना सांगायची.

आणि त्याच बाबांना पंधरा दिवस लाल लघवी होत होती! आईला म्हणे बीटाचं कारण सांगितलं. आमच्या घरात बीट शेवटचं कधी आलं, देव जाणे. आईने मला सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाबांच्या हातात बाटली दिली, त्यांनी भरून आणली ती मी स्वतः तपासायला नेऊन दिली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्त नाही. हुश्श! चहा टाकला, पण जीव काही थाऱ्यावर येईना. पुन्हा वाचला. साखर भरपूर. बाबांना डायबेटिस नाही. आईला आहे, दहा वर्षांपासून.

“बाबा, ही बाटली कुणाची?”

त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “अंबडला कंपनीत दरवर्षी तपासणी असायची. ज्याला शुगर, त्याला मशीनवरून काढतील ही भीती. त्यांच्या बाटल्या मीच भरायचो. सकाळपासून पाणी पीत बसायचो. माझ्यामुळं एक माणूस घरी बसला नाय.” अभिमानच होता आवाजात. “आता माझी वेळ आली, तर तुझ्या आईकडं गेलो.”

“अहो, तिथं नोकरी जात होती, इथं जीव जाईल!” मी ओरडले.

“रडले गं ते,” आई दारातून म्हणाली. “मी तरी काय करणार होते?”

बाबा हळूच बोलले. “तू रोज सांगतीस तेच निघालं तर?”

भीती मीच वाढली होती, भाजी-भाकरीबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बाटली घेऊन आत गेले आणि मी बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसले. उठले, पुन्हा बसले. आत काहीच आवाज नाही.

“होत नाय गं.”

“नळ सोडा. मी इथंच आहे.”

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मी हात पुढे केला, तरी सोडेनात.

“त्या चिठ्ठ्या धरून बसणाऱ्यांवर औषध निघालं का तुमच्याकडं?”

“अजून नाही, बाबा.”

त्यांनी बाटली सोडली. कोमट होती, आणि लाल. या वेळी त्यांचीच होती.