डाइंग मास्तरांचा स्पंज

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी डाइंग मास्तर वारले.

कोसाडच्या वसाहतीत आमची दारं समोरासमोर. पलसाण्याच्या मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर कापड रंगवलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही कुठलंही पाणी दिसलं की ते त्याची शेड सांगत. माझ्याकडचा चहा एकदा त्यांनी परत पाठवला होता. “भाऊ, हाऊ चहा नही, बिस्किट कलर शे.”

नात जान्हवी आईवडिलांबरोबर जळगावला राहायला गेली, तेव्हा काचेची छोटी टाकी आजोबांच्या हवाली करून गेली. तीत मोती नावाचा एकच निळा फायटर मासा. “दिवाळीला येईन. तेव्हा मोती पाहिजे,” एवढंच ती म्हणाली. मास्तरांनी मिलची कुठलीच ऑर्डर इतकी मनावर घेतली नसेल.

चौथ्या दिवशी पाणी ‘ऑफ-व्हाइट’ ठरलं आणि आम्ही फिल्टर आणायला गेलो. मास्तरांनी दुकानदाराला पहिलाच प्रश्न विचारला, “हॉर्सपॉवर किती?”

“काका, आ माछली छे, मिल नथी,” तो हसून गुजरातीत म्हणाला. तरी मास्तरांनी दुकानातला सगळ्यात जोरकस फिल्टर उचलला.

घरी बटण दाबताच मोती टाकीभर गरगरू लागला. मिलमध्ये रंगाच्या जेट मशीनमध्ये कापड फिरतं तसा. मास्तर समाधानाने म्हणाले, “माल बरोबर फिरतोय.”

“अहो, तो फिरत नाही, वाहून चाललाय!” वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ओरडल्या.

फिल्टर बदलून आणला. या वेळी साधा स्पंजचा, हवेच्या छोट्या पंपावर चालणारा. “हा तर भांडी घासायचा,” मास्तर नाराजीने म्हणाले. पण बुडबुडे संथ निघत होते आणि मोती त्यांच्या शेजारी निवांत उभा राहत होता.

मग मास्तरांचा स्वभाव आडवा आला. रोज संध्याकाळी ते स्पंज नळाखाली धरून, पिळल्यावर स्वच्छ पाणी निघेपर्यंत धूत. वहिनी म्हणत, “आता मासाच तेवढा धुवायचा राहिलाय.” टाकीतलं पाणी आरशासारखं झालं आणि मोती तळाशी पडून धापा टाकू लागला. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. मास्तरांनी त्या दिवशी चहाची शेड सांगितली नाही.

मी चार पुस्तकं उघडून बसलो, मग त्यांना समजावलं. स्पंजच्या मळात बारीक जीव राहतात, ते माशाची घाण पचवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते मरतात.

“म्हणजे मळ ठेवायचा?”

“ठेवायचा.”

“भाऊ, मन्ही सगळी जिंदगी मळ काढामा गयी,” ते म्हणाले.

त्यांनी ऐकलं. रोज थोडं पाणी काढून बादलीत रात्रभर ठेवलेलं घातलं, पण स्पंजला हात लावला नाही. हात फारच शिवशिवले की माझ्याकडे येत. “काहीतरी धुवायला द्या.” त्या दिवसांत त्यांनी माझी शाईची पेनं धुतली, पडदे धुतले, एकदा तर पायपुसणंही. मोती हळूहळू वर येऊन खाऊ लागला.

दिवाळीला जान्हवी आली. मोती काचेशी येऊन कल्ले फुगवू लागला तशी ती नाचली. मग तिचं लक्ष स्पंजकडे गेलं. “शी आजोबा, किती घाण! धुवत नाही का?”

“हात लावू नको,” मास्तर म्हणाले. “जिवंत आहे तो.”

वहिनी आता जळगावला मुलाकडे असतात. टाकी मोतीसकट माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. महिन्यातून एकदा मी टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढतो, त्यात स्पंज हलका पिळतो आणि पुन्हा बसवतो.