मामाचं बक्षीसपत्र

आपल्या मागे मुलांना वारसाहक्कासाठी कोर्टात खेटे घालावे लागू नयेत, म्हणून माझ्या मामाने जिवंतपणीच पनवेलचं घर आणि मिठागर बक्षीसपत्राने दोन्ही मुलांच्या नावावर करून टाकलं. कचेरीतून परतल्यावर मात्र तो पायरीशीच थांबला आणि थोरल्याला म्हणाला, "मालक, आत येऊ का?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

"अहो, मी आहे ना घरात? या आत!" मामी ओरडली.

"तुझंही नाव कागदावर नाही," मामा शांतपणे म्हणाला.

मामी चुलीवरचं दूध तसंच सोडून बाहेर आली आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसली. शेवटी थोरल्याने रडकुंडीला येऊन दोघांना आजन्म राहण्याची परवानगी लिहून दिली. मामाने ती दोनदा वाचली, धाकट्याचीही सही घेतली आणि मगच चपला काढल्या.