एकदा भाजलेल्या विटा

आमच्या गावातली भाताची गिरणी बंद पडली तेव्हा मी तिथल्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. कडावला विजेवरची मोठी गिरणी झाली आणि गिरणीचे मालक शेठजी आपली इमारत ग्रामपंचायतीला देऊन मोकळे झाले. शाळेला दोनच खोल्या, वर्ग चौथीपर्यंत. पाचवी ते सातवी मंजूर होऊन आली होती, पण जूनपर्यंत जागा दाखवली नाही तर ती परत जाणार होती. मुलगे कर्जतला चालत गेले असते. मुलींना कोण पाठवणार? चौथी झाली की पोरगी गुरांमागे, नाहीतर बोहल्यावर. माझ्या बरोबरीच्या सगळ्या अशाच गेल्या. मी तेवढी सुटले, ती आईच्या हट्टापायी.

मी सरपंचांना म्हटलं, गिरणी आहे की, तीन वर्ग आरामात बसतील. त्यांना मात्र ती पाडून तिथे सिमेंटची नवी इमारत हवी होती. "बाई, गिरणीत पोरं बसवली तर गावाची काय शोभा राहिली?" सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि त्यासाठी तालुक्याला खेटे घालण्यात दोन-दोन वर्षं जायची. शोभेची एवढी काळजी करणाऱ्यांना त्या दोन वर्षांत पोरींचं काय होईल, याचं काहीच नव्हतं.

मग इमारत तपासायला तालुक्याहून बांधकाम खात्याचे ओव्हरसियरसाहेब आले. आत गेले, छत्रीचं टोक भिंतीत खुपसलं. करड्या रंगाची एक ढलपी निघून खाली पडली आणि तिचा भुगा झाला. दुसऱ्या भिंतीचंही तेच. तिसरीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "भिंती कुजल्यात," म्हणाले आणि इमारत धोकादायक असल्याचं उभ्या उभ्या लिहून दिलं. मी हुज्जत घातली तर म्हणाले, "तुम्ही पाढे शिकवा."

घरी येऊन मी रागाने रडले. आईने सगळं ऐकून घेतलं. तिची उभी हयात दिवाळी ते मे महिना वीटभट्टीवर गेली होती. सकाळी ती खुरपं घेऊन माझ्यासोबत निघाली. गिरणी चालू होती तोवर आम्हाला आत मज्जाव होता. आमच्या बौद्धवाड्यातलं भात बाहेरच्या ओट्यावरच उतरवून घ्यायचे. आई उंबरा ओलांडून सरळ आत गेली, ढलपी तोडली, बोटांत चुरडून नाकाशी धरली.

"ही भिंत नाय गं. हा कोंडा हाय."

उकड्या भाताची वाफ आणि कोंड्याची धूळ, दोन्ही मिळून वर्षानुवर्षं भिंतींवर थर चढत गेला होता. साहेबांची छत्री त्या थरातच घुसली होती. आईने हातभर जागा खरवडली, तशी आतली लाल वीट दिसली. इंजिन काढून नेलेल्या जागी दोन सुट्या विटा पडल्या होत्या, त्या तिने उचलून एकमेकींवर आपटल्या. भट्टीवरच्या बायका वीट अशीच पारखतात. कच्ची थप् करते, पक्की खणखणते. या खणखणल्या.

"एक भट्टी लावाया किती लाकूड जळतं ते मला इचार," ती म्हणाली. "डोंगर भादरलेत भट्टीवाल्यांनी. ह्या एकदा भाजून झाल्यात. आता परत कशापायी भाजायच्या?"

आज शहरांतली शिकलेली माणसं मोठमोठ्या कागदांवर हेच मांडतात. उभी इमारत पाडली की तिच्यासाठी झालेला धूर वाया जातो आणि नवीसाठी पुन्हा तेवढाच धूर होतो. बरोबर आहे त्यांचं. माझी आई तो धूर तीस वर्षं छातीत घेत होती, तिला कुणी विचारलं नाही एवढंच.

वाड्यातल्या बाया आल्या. भट्टीवर आईच्या जोडीने राबणाऱ्या डोंगरवाडीच्या आदिवासी बायाही आल्या. आठ दिवस भिंती खरवडल्या, कोंडा शेतात टाकला, चुन्याचा हात दिला. फेरतपासणीसाठी मी साहेबांना दोन पत्रं लिहिली. ते आले नाहीत. लिहून दिलेलं गिळायचं कसं? शाळा उघडली त्या दिवशी मी पाचवीच्या पोरींना रांगेने नेऊन गिरणीत बसवलं, त्यांच्यामागे मुलगे. परवानगी नव्हती. मी मागितलीही नाही.

पंधरा दिवसांत नोटीस आली, जागा खाली करा, इमारत पाडायची आहे. ती घेऊन सरपंच स्वतः आले होते. "बाई, नोकरी जाईल तुमची." मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? घरात पगार माझा एकटीचा. तरी त्यांच्यासमोरच बसून मी उत्तर लिहिलं: 'पाडण्यास अवश्य यावे. मात्र अकरा ते पाच या वेळेत यावे, तेव्हा मुली आत असतात.'

सरपंचांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले. पाडायला कुणी आलं नाही.

तिसऱ्या वर्षी सातवीला अकरा मुली होत्या. दहा पास झाल्या, एक गणितात गेली आणि तिच्या बापाने लगेच स्थळ बघायला घेतलं. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पोरगी दप्तर घेऊन बाहेर आली तेव्हाच उठले.