तसंच राहायचा नेम

कोडोलीत विरूपाक्षअण्णाएवढा शब्दाचा पक्का माणूस दुसरा नव्हता, आणि सगळा घोटाळा त्यातनंच झाला.

अण्णाचं किराणा दुकान. पोट सुटलेलं, आणि उठबस करायची ती गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरचं काही मागितलं तरच. कोल्हापुरातनं संयोगिता नावाची डॉक्टरीण गावात आली. रक्तातली साखर वाढायला लागलीय पण अजून मधुमेह झालेला नाही, अशा माणसांवर तिचं संशोधन चाललं होतं. अण्णा आणि त्याची बायको गौराबाई, दोघांचं रक्त नेमकं तसलंच निघालं. कुणी कुठल्या गटात जायचं ते कॉम्प्युटरनं ठरवलं. गौराबाई चालणाऱ्यांत गेली. तिनं रोज संध्याकाळी चालायचं. अण्णा गेला काहीच न करणाऱ्यांत. चालण्यानं फरक पडला हे कळायचं तर न चालणारी माणसंही लागतात, असं डॉक्टरणीनं समजावलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची अदलाबदल व्हायची होती.

"अण्णा, तुम्ही आत्ता जसे आहात तसेच राहा," ती म्हणाली. "काही बदल करू नका."

"दिला शब्द," अण्णा म्हणाला.

बाकीच्यांनी ते ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. अण्णानं नेमच धरला. दुकानातली त्याची खुर्ची एका पायानं डगमगत होती, म्हणून सुताराला सांगून ठेवलेलं. तो आला तर अण्णानं त्याला चहा पाजून परत लावून दिला. रक्त दिलं तेव्हा खुर्ची डगमगत होती, आता ती डगमगलीच पाहिजे. भाच्याचा साखरपुडा बुधवारी आला. बुधवारी आपण भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी खातो म्हणून अण्णा डबा घेऊन गेला आणि बुंदीच्या पंगतीत बसून डबा खाल्ला. बहीण महिनाभर बोलली नाही. सर्दी झाली तेव्हा त्यानं डॉक्टरणीला फोन लावून विचारलं, ही आधी नव्हती, ठेवू का घालवू?

एवढं सगळं धरून ठेवलं, पण एक गोष्ट हातातनं गेली.

लग्न झाल्यापासनं दिवेलागणीच्या आधी दोघं दुकानापुढच्या फळीवर बसायची. मधी भडंगाची ताटली. रस्त्यानं कोण गेलं, कुणाची सून कुणाच्या गाडीवरनं आली, हे गौराबाई सांगायची आणि अण्णा त्यावर एकेक शेरा मारायचा. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणावं तर तेवढंच. आता त्या टायमाला गौराबाई बूट घालून वारणानगरच्या रस्त्याला लागायची. अण्णा एकटा फळीवर. आपल्या वाटणीचं अर्धं भडंग खायचा, तिचं अर्धं तसंच ठेवायचा. शेरे तोंडात यायचे आणि तोंडातच विरघळायचे. समोरचा आकाराम शिंपी मशीनवरनं मान वर करून विचारायचा, "अण्णा, वैनी नांदायला येत्यात न्हवं अजून?"

पुढच्या खेपेला डॉक्टरीण रक्त घ्यायला आली तेव्हा अण्णानं दंड पुढं केला, पण सुई टोचू दिली नाही.

"म्याडम, तुमचं संशोधन बाटलं," तो म्हणाला. "ह्या टायमाला मी बायकोशेजारी बसणारा माणूस हाय. तुमी बायको उठवली. मग मी तसाच कुठं ऱ्हायलो?"

डॉक्टरणीला कोडोलीतली आणखी पुष्कळ घरं करायची होती. बाईंनी चालणं सोडायचं नाही, तुम्ही बसणं सोडायचं नाही, मधलं काय जमवायचं ते घरात जमवा, एवढं बोलून तिनं सुई टोचली.

घरात जमलं. दुकानाचा पोती आणायचा हातगाडा होता. अण्णानं त्यावर आपली खुर्ची चढवली, दोरीनं बांधली. बांधली पण डगमगेल इतपत सैल. मांडीवर भडंगाची ताटली घेऊन तो वर बसला. ढकलायला गडी लावावा असं त्याच्या मनात होतं, पण परक्यासमोर गौराबाई कुणाच्या सुनेचं काही बोलली नसती. मग तिनंच पदर खोचला.

रोज संध्याकाळी वारणानगरच्या रस्त्यानं ही पालखी निघायला लागली. ती मागनं ढकलत कोण आलं-गेलं ते सांगायची, हा वरनं शेरे मारायचा, मधनंच मागं हात करून तिच्या तोंडात भडंग घालायचा. चढ आला की अण्णा डावीकडनं घे, उजवीकडनं घे, खड्डा हाय, असं सांगायचा. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी ओरडून घेतलं, पोरांनी फोनवर काढून घेतलं. अण्णा ढिम्म.

सहा महिन्यांनी निकाल आले. काहीच न करणाऱ्या गटातली बाकीची मंडळी भिऊन चोरून चालायला लागलेली निघाली. एकट्या अण्णाचे आकडे जागचे हलले नव्हते. असला माणूस संशोधनाला मिळत नाही, म्हणून डॉक्टरणीनं त्याचा हात हातात घेतला. गौराबाईची साखर उतरली होती आणि मांड्यांत अशी ताकद आली होती की नुसत्या चालण्यानं ती येते कशी, हे डॉक्टरणीला कळेना. गाड्याचं तिनं विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

आता अदलाबदल. आजपासनं अण्णानं चालायचं, बाईंनी चालणं थांबवून पूर्वीसारखं राहायचं, असं सांगून डॉक्टरीण गेली. अण्णा कासावीस झाला. हा रस्त्यावर आणि ही फळीवर, म्हणजे संध्याकाळ परत मोडली. तू गाड्यावर बस, मी ढकलतो, असं त्यानं म्हणून बघितलं.

"पूर्वीसारखं म्हंजे कालच्यासारखं," गौराबाई म्हणाली. "काल म्या गाडा ढकलला, आज बी मीच ढकलणार. तसंच म्हंजे तसंच, तुमीच शिकवलंय न्हवं?"

"आणि वर कोण बसणार? रिकामा गाडा ढकललास तर बदल झाला की."

दोघांनी विचार केला. मग अण्णा दुकानातल्या काट्यावर चढून आपलं वजन बघून आला, आणि तेवढ्याच भाराच्या गुळाच्या ढेपा तिनं खुर्चीवर रचल्या. वरनं अण्णाची टोपी ठेवली, मुंग्या आत शिरू नयेत म्हणून.

संध्याकाळी गाडा निघाला. आकारामानं मशीन थांबवलं.

"अण्णा, खुर्चीत कोण बसलंय?"

"मीच की," चालत चालत अण्णा म्हणाला.

चढाला त्याला धाप लागली आणि बोलणं बंद पडलं. गौराबाईनं ताटलीतलं मूठभर भडंग त्याच्या हातावर ठेवलं.

"ह्यो बरा हाय," खुर्चीकडं बघत ती म्हणाली. "चढाला वाट दाखवत न्हाय."

दम परत यायला अण्णाला बराच वेळ लागला. आला तसा तो गाड्याच्या कडेला सरकला आणि म्हणाला, "मघाशी ती कुणाची सून म्हनलीस?"