माझं अस्खलित कन्नड आणि कोरडी कातडी

मला कन्नड उत्तम येतं. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी येत होतं.

थंडी पडली की माझ्या अंगाचा पापड होतो. (पापड निदान तळून खाता तरी येतो!) पोटरीवर नखानं सकाळी नाव लिहावं, ते संध्याकाळी वाचता येतं. टाचांच्या भेगा अशा, की चादरीवर पाय ठेवला की धागाच बाहेर येतो. आणि तीही सोलापुरी चादर! पण आंघोळीला उकळतं पाणी, भरपूर साबण आणि वर खरखरीत टॉवेल, ही आमच्या घराण्याची रीत. ती मोडेन तर शपथ!

अशात आमच्या श्रुतीचं लग्न जमलं. व्याही अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे. साखरपुड्यात मी त्यांच्या खांद्यावर रेशमी शेला घालायचा होता. तो घ्यायला नवी पेठेत गेलो, हात लावला, आणि बोट सुतात अडकलं!

"काका, लांबनं बघा की!" दुकानदार ओरडला. "हात हाय का किसणी?"

आमच्या सौभाग्यवतींचा, महानंदाचा, चेहरा पडला. "अहो, चार पाहुण्यांत शेल्याचं सूत ओढलंत तर? पोरीला जन्मभर ऐकावं लागेल!"

हे मात्र काळजाला लागलं. लेकीसाठी कायपण! मी लगेच सासूबाईंना फोन लावला. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. अव्वांचं निम्मं बोलणं मराठी, निम्मं कन्नड.

"जावईबापू, कढत पाणी बंद. कोमट घ्या. साबण कमी. आंग टिपा, घासू नका. आन् ओलसर हाय तवरच..." फोन खरखरला. "...प्प हच्चरी!"

हच्चरी म्हणजे लावा. आणि लावायचं काय? 'प्प' म्हणजे उप्पुच! म्हणजे मीठ!

"पप्पा, मीठ?" श्रुती म्हणाली. "आईला एकदा विचारा की."

"तिला कशाला? मला कन्नड येतं! कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं का नाही? मग माझा कोरडेपणा राहील कुठं?"

दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यानं आंघोळ केली, अंग टिपलं आणि ओल्या टाचांना मूठभर मीठ चोळलं. मग हातांना. पुढचं ओरडणं म्हणे कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं.

"अहो, काय झालं?" महानंदा दार ठोठावत होती.

"काही नाही! गुण येतोय!"

गुण इतका आला, की मी टॉवेल गुंडाळून थयथय नाचतच बाहेर पडलो. बघतो तर सोफ्यावर साक्षात व्याही! साखरपुड्याचं ठरवायला आले होते.

"येनु आय्तरी?" ते घाबरून उभेच राहिले. काय झालं म्हणून विचारत होते.

अशा अवस्थेतही मी कन्नड सोडलं नाही. "उप्पु हच्चिनरी!" म्हटलं, मीठ लावलंय!

"अय्यो! उप्पु न्हवं हो! तुप्प, तुप्प! तूप!"

आता संपलं, मोडलं लग्न, असं वाटलं. पण व्याही हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग महानंदाकडून तुपाची वाटी मागून घेतली, माझे हात धुववले आणि स्वतः तूप चोळत बसले. मला भरून आलं. जखमेवर मीठ चोळणारे नातेवाईक पैशाला पासरी मिळतात. तूप चोळणारा व्याही नशिबानं मिळतो. (मीठ माझं मीच चोळलं होतं, ते सोडा.)

साखरपुड्यापर्यंत कोमट पाणी आणि तूप, रोज नेमानं. त्या दिवशी शेला माझ्या हातातनं असा सळकन सुटला, की माझी छाती गजभर फुगली. लेक माझ्याकडे बघून हसली, आणि मी धन्य झालो.

तेवढ्यात व्याह्यांनी भर मांडवात सांगितलं, "आमच्या व्याह्यांचं कन्नड लई भारी हाय!" आणि दोन स्टीलचे डबे माझ्या हातात ठेवले. एकात तूप, एकात मीठ; झाकणांवर ठळक कन्नड अक्षरांत नावं. सगळे हसले, महानंदा सगळ्यांत मोठ्यानं.

मला कन्नड बोलता येतं हो, वाचता येत नाही. म्हणून आजही डब्यातलं काहीही अंगाला लावण्याआधी मी ते जिभेला लावून बघतो.