काट्यावर उभं राहताना भिंतीला हात लावू नका

"तुमचं हृदय पंचवीस टक्केच काम करतंय," डॉक्टर म्हणले.

मंचरच्या दवाखान्यात मी टेबलावर कुशीवर पडलेली, छातीला गार गार जेल लावलेलं. मला वाटलं पंचवीस म्हणजे नापास. पस्तीसला पास असतं ना. मी नववीतनं शाळा सोडली, मला टक्के तेवढेच माहीत. मी रडायलाच लागले. माझी दुर्वा तवा बावीस दिवसांची व्हती, बाहेर बाकड्यावर आईच्या मांडीवर ती बी रडत व्हती. मला आतनं आवाज येत व्हता.

डॉक्टर म्हणले, "अगं, शंभर कुणाचंच नसतं. चांगल्या हृदयाचं साठच्या आसपास असतं. आपण पंचवीसवरून वर चढायचं. पुष्कळ बायका चढतात."

आजाराचं नाव पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. मला अजून एका दमात म्हणता येत नाय. बाळंतपणाच्या टायमाला हृदयाचा स्नायू ढिला पडतो, रक्त पुढं ढकलत नाय, मंग पाणी साचतं. फुप्फुसात साचतं, पायात साचतं. अन् ज्या तपासणीत हे कळलं ती इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

त्याच्या आधी आठ दिवस मला आडवं पडलं की खोकला यायचा. दोन उशा, मंग तीन, मंग भिंतीला टेकून बसूनच झोप. न्हाणीपर्यंत गेलं तरी दम. सगळ्या म्हणायच्या, बाळंतपणाचा थकवा हाय, व्हईल कमी. बायांनो, आडवं पडल्यावर दम लागतो तो थकवा नसतो. एवढं ध्यानात ठेवा, बाकी नाय वाचलं तरी चालंल.

आठ दिवस मला आयसीयूत ठेवलं. तितं बाळ आत आणत नायत. औषधांमुळं अंगावरचं दूध बी बंद केलं. नवव्या दिवशी दुर्वाला हातात दिली तर ती माझ्या हातात रडली अन् आईच्या हातात गप झाली. आई म्हणली, "लहान हाय, तिला काय कळतंय." पण मला कळलं ना.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी, पापड-लोणचं बंद, पाणी मापून, गोळ्या चुकवायच्या नायत. अन् रोज सकाळी वजन. "एका दिवसात एक किलो वाढलं, नायतर तीन दिवसांत दोन किलो, तर लगेच फोन. एवढ्यात चरबी वाढत नाही. ते पाणी असतं. पाय सुजायच्या आधी काटा सांगतो."

आमचे मिस्टर वारूळवाडीला असत्यात, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोची पिकअप चालवत्यात. मी बाळंतपणाला माहेरी, खोडदला. मंग त्यांनी तो काटा आणला, काचेचा, पाटासारखा चपटा. त्याच्यावर उभं ऱ्हायलं की आकडा थरथरतो अन् थांबतो. थांबला की ब्लूटूथनं माझ्या फोनात जातो, अन् तितनं त्यांच्या फोनात. ते दवाखान्यातल्या सिस्टरला पाठवायचे. मला काय लिहावं लागत नाय, बोलावं लागत नाय.

पहिल्या दिवशी रेंजच नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, फोन धरून अंगणभर फिरले. मंग म्हणले, "आपल्या खोडदच्या त्या एवढाल्या रेडिओ-दुर्बिणी आभाळातलं ऐकत्यात, अन् आमच्या लेकीचं वजन वारूळवाडीला जाईना व्हय!" शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत रेंज घावली. फोनची जागा तीच ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांचा फोन. "अगं, एका दिवसात पंच्याऐंशी किलो? तू बरी हायस ना?"

शेजारची काकू काटा बघायला आली व्हती, ती चढली व्हती.

"त्यांना म्हणावं उतरा," मिस्टर म्हणले. काकूला ते ऐकू गेलं. ती चार दिवस बोलली नाय. पण तवापासनं काट्यावर माझ्याशिवाय कुणी पाय ठेवला नाय.

रोजचं ठरलेलं. सकाळी शेवंतामावशी यायच्या, मालिश करणाऱ्या. डॉक्टरांनी हलक्या हाताची मालिश चालंल म्हणलं व्हतं. मालिश झाली की मावशी बाळाचं पाणी तापवायला जायच्या. मी तळपाय पुसून, चहाच्या आधी, न्हाणीपाशी फरशीवर काटा ठेवून चढायचे. एक्कावन्न. एक्कावन्न. कधी पन्नास अन् वर आठशे. महिनाभर असंच. मी भाकरी थापायला लागले. मी दुर्वाला घेऊन अंगणात चालायला लागले. ती माझ्याकडं बघून हसायला लागली व्हती.

मंग चुलत्याच्या घरी हळद व्हती. मी तितं जेवले, पापड बी खाल्ले, लई दिवसांनी. दुसऱ्या दिवशी काटा चढला. बावन्नच्या जवळ.

आईनं आकडा बघितला अन् तिला आनंद झाला. "भरायला लागली गं पोर. अंगी लागतंय." आपल्याकडं बाळंतीण भरली की चांगलंच म्हणत्यात ना. तिचं चुकलं नाय.

पण मला माहीत व्हतं. तिसऱ्या दिवशी मी चढले तर आकडा त्रेपन्नकडं चालला. न्हाणीला कमरेएवढी चुन्याची भिंत हाय. मी उजवा हात तिच्यावर ठेवला अन् जरा दाबला. आकडा खाली आला. अजून जरा दाबला. एक्कावन्न अन् वर तीनशे. थांबला. गेला वारूळवाडीला.

मला आयसीयूत जायचं नव्हतं. एवढंच. बाळ परत माझ्या हातात रडंल, ह्याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. मिस्टर फोनवर म्हणायचे, "एक नंबर! असंच ठेव." अन् मी व्हय म्हणायचे. बोलताना मधी श्वास घ्यावा लागायचा, तो फोन लांब धरून घ्यायचे.

असं मी चार दिवस केलं.

पाचव्या दिवशी मी काट्यावर चढणार तेवढ्यात शेवंतामावशी तांब्या न्यायला माघारी आल्या. भिंतीकडं बघून म्हणल्या, "ही भिंत बाळंत झाली का काय? तिला कुणी मालिश केली?"

चुन्यावर माझा पंजा उमटला व्हता. रोज त्याच जागी तेलकट हात ठेवून काळपट झालेला, पाची बोटं मोजून घ्यावीत असा. मी हात मागं घेतला. मावशींनी माझ्याकडं बघितलं, मंग काट्याकडं. खाली बसल्या अन् माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच.

"म्हणलंच, चार दिवस पाय मळलेल्या पिठासारखा का लागतोय," त्या म्हणल्या. मंग वरडल्या, "अगं ये गं इकडं! लेकीनं काय केलंय बघ."

आई आली. मला वाटलं मारती आता. ती मारायची नाय, पण वाटलं. मी सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, कारण दम लागत व्हता. आईनं बी माझी नडगी दाबून बघितली. मंग म्हणली, "बाळाला सोडून आठ दिवस जायचं नाय, म्हणून तिला कायमचं सोडून जाणार व्हतीस व्हय?"



"चढ," आई म्हणली. "दोन्ही हात डोक्यावर ठेव. शाळेत ठेवायचीस तसं."

हात डोक्यावर ठेवून मी चढले. आकडा थरथरला, थांबला. चोपन्न अन् वर दोनशे.

खिडकीतला फोन लगेच वाजला. मिस्टर मार्केटातनं वरडत व्हते, मागं क्रेट आपटल्याचा आवाज. "काल एक्कावन्न अन् आज चोपन्न? काटा बिघडला काय?"

"काटा नाय," मी म्हणले. "मी."

पुढचं त्यांना आईनं सांगितलं. पिकअप तासाच्या आत दारात. मंचरपर्यंत ते माझ्यावर एक शब्द चिडले नायत. फक्त म्हणले, "मी रोज बघत व्हतो गं तो आकडा. त्याच्यावर इस्वास ठेवून गाडी चालवत व्हतो." चिडले असते तर बरं वाटलं असतं.

लघवीचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत साचलेलं पाणी निघालं. आयसीयू लागलं नाय. साध्या वॉर्डात ठेवलं, अन् सिस्टरनी दुपारी बाळाला आत येऊ दिलं. पण डॉक्टर जे बोलले ते मी तुमच्यासाठी लिहिते. ते म्हणले, "पहिल्याच दिवशी फोन केला असतास ना, तर मी एक गोळी वाढवली असती. घरीच भागलं असतं. इथं यावंच लागलं नसतं."

म्हणजे ज्याला मी भीत व्हते, ते मीच हातानं दाबून दाबून आणलं. काटा मला दवाखान्यात न्यायला नव्हता ठेवलेला. तो मला घरी ठेवायला व्हता.

सहाव्या महिन्याच्या इकोला चाळीस आलं. अकराव्या महिन्याच्या इकोला बावन्न. डॉक्टर हसून म्हणले, "पास." गोळ्या चालूच हायत. दुसरं मूल आपल्या मनानं नाय करायचं, आधी त्यांना इचारायचं. काटा बी चालूच हाय. तुमच्याकडं फोनला जोडलेला नसला तर साधा बी चालंल, वहीत लिहा. पण खरं लिहा. अन् कुणाला तरी दाखवा, म्हणजे एकटीला भ्यायला लागत नाय.

शेवंतामावशींना मी लुगडं घेतलं. त्या म्हणल्या, "मला कशाला? त्या भिंतीला नेसव." दिवाळीला आप्पांनी न्हाणीला चुना लावला, तो पंजा सोडून. मी म्हणले पुसा. ते म्हणले, "राहू दे. इमानदार भिंत हाय."

आता मी वारूळवाडीला सासरी हाय. कालचीच गोष्ट सांगते अन् थांबते. सकाळी मी काट्यावर चढणार तर दुर्वा रांगत आली. माझा पाय धरून उभी ऱ्हायली. ती धरून उभी ऱ्हाती, सोडत नाय, पडायला घाबरती. तिनं धरलं की आकडा चुकतो. मी तिची बोटं हळूच सोडवली, तिला भिंतीशी उभी केली, काट्यावर चढले, अन् दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मंग तिनं भिंत सोडली, अन् दोन्ही हात आपल्या डोक्यावर ठेवले.

कशालाच न धरता उभी. पहिल्यांदा. मी श्वास रोखून धरला, अन् मला दम लागला नाय.