मेंढीला विचार

ओव्याची धुरी आणि करपत आलेले लोणी यांच्या मधोमध कुठेतरी असणारा तो वास पहिल्यांदा आला, तेव्हा मी नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या आमच्या घरात धुरावरच्या एका कवितेची ओळ घासूनपुसून घेत होते. खरा धूर दाराच्या फटीतून आत येतो आहे, हे कळायला मला अंमळ वेळच लागला. मी समोरच्या शेजाऱ्यांची घंटा वाजवली. दार उघडले ते रुंद चेहऱ्याच्या, ठेंगण्या वृद्ध बाईंनी. हातात बशी आणि बशीत धुमसणारा रानपाला. वर्गात शिकलेल्या निर्दोष डचमध्ये मी तक्रार मांडू लागले. माझे पहिले वाक्य संपेपर्यंत त्यांनी ती बशी माझ्याभोवती तीनदा फिरवलीही होती.

"झालं," त्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाल्या. "आता आत ये. चहा घे."

चहा दुधाचा होता, पण साखरेऐवजी मीठ घातलेला. मी तो कविमनाने प्यायले, म्हणजे चेहरा वाकडा न करता.

दुल्माबाई रशियातल्या बैकाल सरोवरापलीकडच्या बुर्यात मुलखातल्या. आयुष्य मेंढ्या राखण्यात गेले. लेक आयुना लग्न होऊन इथे आली आणि म्हातारपणी आईलाही घेऊन आली. त्यांच्याकडे चुलीतल्या अग्नीला आधी घास द्यायची रीत. इथे चूलही नाही, ज्योतही नाही. म्हणून त्या इंडक्शनच्या काळ्या काचेच्या कोपऱ्यावर लोण्याचा एक थेंब ठेवून काही पुटपुटत. जावई तो निमूटपणे पुसून टाकी. "त्याची चूक नाही," दुल्माबाई म्हणत. "अग्नी कुठे बसलाय ते त्याला दिसत नाही. मलाही दिसत नाही. पण भूक तर लागत असेल ना?"

मंत्र! माझे डोळे चमकले. मी वही घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. दचकलेल्या मुलाचा जीव परत बोलावण्याचा मंत्र, दुधाच्या शिंतोड्यांबरोबर म्हणायचा मंत्र. ओळींचे आरंभ एकाच अक्षराने होतात, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! त्यांना मात्र ते लहानपणापासून ठाऊक होते आणि त्याचे काही वाटत नव्हते.

एकदा त्यांनी मेंढीचे गाणे सांगितले. वसंतात मेंढ्या वितात. एखादी पहिलटकरीण पिल्लाला हुंगते आणि तोंड फिरवून चालू लागते. तिला कुणी मारत नाही, ओरडत नाही. तिचेच दूध पिल्लाच्या अंगाला चोळायचे, पिल्लू तिच्यापाशी आणायचे आणि शेजारी बसून म्हणत राहायचे, "तेगे, तेगे, तेगे."

"आणि पुढे?" मी लेखणी सरसावली.

"पुढे तेच."

"अर्थ काय त्याचा?"

"मेंढीला विचार."

हे त्यांचे ठरलेले उत्तर. कितीदा म्हणायचे? मेंढीला विचार. एकाच शब्दाने काय होते? मेंढीला विचार. वहीत मी शेरा लिहिला, 'प्रतिमांचा अभाव.' तो अभाव मीच उदार मनाने भरून काढला. चंद्र, हिम, पान्हा आणि क्षितिज घालून गाण्याचे मराठी रूपांतर केले आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात म्हटले. टाळ्या पडल्या; जेवण त्यानंतर होते, हेही नमूद करायला हवे. दुल्माबाईंना मी मुद्दाम नेले होते. परतताना ट्राममध्ये मी त्यांना प्रत्येक ओळ समजावून सांगितली.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "मेंढी पळून जाईल."

तोवर मातृत्वावर माझ्या चौदा कविता प्रसिद्ध झाल्या होत्या. मूल एकही नव्हते. मग ईरा झाली. ओलसर, उबदार, लाल तोंडाचे ते गाठोडे माझ्या छातीवर ठेवले गेले आणि मी वाट पाहू लागले. चौदाही कवितांत जे उसळले होते, ते आता उसळेल. काहीही उसळले नाही. तिच्याकडे पाहताना मला चुकून दुसऱ्याचे सामान घरी आणल्यासारखे वाटत होते.

मी सगळे यथासांग केले. दूध पाजले, न्हाऊ घातले, बाळंतपणाला घरी येणाऱ्या नर्सने शाबासकी दिली. पण काम उरकले की मी तिला सुमेधच्या, माझ्या नवऱ्याच्या, हाती देई आणि खिडकीकडे तोंड करून बसे. पुण्याला फोनवर आईला सांगे, "खूप गोड आहे गं." आतून पोकळ ओळ मला दुरून ओळखू येते. ही तशीच होती.

दुल्माबाई सूप घेऊन आल्या. मी बाळ सुमेधकडे देऊन वळले, ते त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आल्या, माझ्या दुधाचे बोट ईराच्या टाळूला लावले, तिला माझ्या मांडीवर ठेवले, माझी पाठ चोळू लागल्या आणि बेसूर आवाजात म्हणू लागल्या, "तेगे, तेगे, तेगे."

या कथेतली मेंढी कोण, हे उमगायला मला अर्धे मिनिट लागले. दोन भाषांत साहित्य शिकलेल्या बाईला! मी दुखावले. दुखावलेली असतानाही मनात टिपण चालूच होते, 'लय एकसुरी, पुनरुक्ती अति.'

"दुल्माबाई, मी डॉक्टरकडे जायला हवंय बहुतेक," मी अखेरीस म्हणाले. तोवर हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

"उद्या जा. मी येते बरोबर. आमच्याकडे डॉक्टर फार लांब होता, म्हणून आधी गाणं." आणि पुन्हा, "तेगे, तेगे."

डॉक्टरकडे गेलो. उपचार सुरू झाले. दुल्माबाईही रोज दुपारी येत राहिल्या. कशाचा गुण आला, हे मेंढीला सांगता येणार नाही. एका दुपारी त्या बोलाचा अर्थ शोधण्याचाही मला कंटाळा आला आणि मी नुसतीच खाली वाकले. ईराच्या टाळूला आंबूस दुधाचा वास होता, त्याखाली त्या रानपाल्याच्या धुराचा आणि त्याच्याही खाली आणखी एक, ज्याला मी आजतागायत उपमा देऊ शकलेले नाही. मी तो पुन्हा हुंगला. मग पुन्हा. रडू आले, तेव्हा दुल्माबाई गाणे अर्धवट सोडून उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पुढे चार वर्षे तो शब्द आमच्या घरात अंगाईसारखा वावरला. ईरा मराठी प्रश्नांना डच उत्तरे देते. पण बाहुली रुसली की दुल्माबाईंचाच हेल काढून तिची समजूत घालते.

गेल्या वसंतात दुल्माबाई गेल्या. आयुना दारात उभी राहून म्हणाली, "निरोपाच्या वेळी तू दोन शब्द बोल. तुला येतं ते." मी लिहायला बसले आणि लाज वाटावी इतक्या भराभर उपमा येऊ लागल्या. चंद्र आला, हिम आले, क्षितिजही आले. सगळे खोडले. ईरा काहीतरी विचारत होती. मी उत्तर न देता खिडकीकडे तोंड फिरवून बसले.

ती गेली असे मला वाटले. ती मागून आली, तिचा छोटा, चिकट हात माझ्या पाठीवर वरून खाली फिरला आणि ती म्हणाली,

"तेगे."